मोराची बर्फवाट

खेड्यात रात्रीची सभा संपली, बियाण्याचे आणि खताचे बोलणे उरकले, की कुणीतरी हमखास विचारते, "साहेब, तुम्ही त्या बर्फाच्या मुलखात जाऊन आलात म्हणे. तिथला शेतकरी हिवाळाभर करतो तरी काय?" दोन वाक्यांत उत्तर देण्याजोगा हा प्रश्न नाही. म्हणून आज तुम्हा सर्वांना बरोबरच घेऊन जातो. चला, पण घोंगडी घ्या. कारण आपण जाणार आहोत तिथे फेब्रुवारी संपत आला तरी तळ्याच्या पाण्यावरून माणसे खुशाल चालत जातात, इतके ते घट्ट गोठलेले असते.

माझा पुतण्या स्वीडन देशात, स्टॉकहोम शहरात नोकरीला आहे. लहानपणी सुट्टीत आमच्याकडे आला की विहिरीच्या तिसऱ्या पायरीखाली उतरायचा नाही, असा भित्रा. त्याने एके दिवशी फोनवर सांगितले, "काका, मी, ही आणि कचेरीतले तिघे असा आमचा पाच जणांचा संघ झालाय. फेब्रुवारीअखेर मोराला आठवडाभर शर्यती असतात. तुम्ही नि काकू या. गाडीत जागा आहे." मी विचारले, "शर्यत कसली?" तर म्हणाला, "बर्फावरची. स्कीची."

स्की म्हणजे पायाला बांधायच्या लांब, अरुंद फळ्या. पुढचे टोक वर वळवलेले. दोन्ही हातांत काठ्या. भुसभुशीत बर्फात माणूस मांडीपर्यंत रुततो, पण फळी बांधली की भार पसरतो आणि माणूस वरच्यावर घसरत जातो. आज ही चैनीची वस्तू वाटते, पण मुळात ते कुळवा-पाभरीसारखे कामाचे अवजार आहे. १९२४ साली उत्तर स्वीडनमध्ये काल्वट्रेस्क या ठिकाणी दलदलीत सापडलेली स्की सुमारे पाच हजार दोनशे वर्षांपूर्वीची आहे.

रजा मंजूर झाली. आमच्या सौ.नी भाजणी, मेतकूट आणि डिंकाचे लाडू बांधून घेतले आणि आम्ही निघालो.

स्टॉकहोमहून मोरा तीनशे किलोमीटरच्या पुढे आहे. मोठ्या गाडीत आम्ही सात जण, टपावर पेटीत फळ्या. शहर सुटल्यावर देवदाराच्या जातीची झाडे सुरू झाली ती संपेचनात. मधूनच जंगल उघडायचे आणि पांढरे शेत दिसायचे. शेताच्या कडेला लाकडी घर आणि गोठा, दोन्ही गडद तांबड्या रंगाचे. या मुलखाचे नाव दालार्ना. याच जिल्ह्यात फालून येथे तांब्याची जुनी खाण होती, ती १९९२ साली बंद झाली. त्या खाणीच्या लोहयुक्त मातीत पाणी, राय नावाच्या धान्याचे पीठ आणि जवसाचे तेल घालून शिजवतात, तोच हा रंग. लाकूड कुजू देत नाही. धान्याचे पीठ भिंतीला लावलेले पाहून आमच्या सौ.ना हळहळ वाटली.

शेते पांढरी पाहून तुम्ही म्हणाल, सगळे मेलेलेच की. तसे नाही. बर्फात हवा कोंडलेली असते, म्हणून तो गोधडीचे काम करतो. वर हवा शून्याखाली वीस अंश असली तरी खाली जमिनीलगत तेवढी थंडी पोचत नाही. शरदात पेरलेला गहू, राय किंवा गवताची मुळे या पांघरुणाखाली तग धरतात. उघड्या जमिनीवर नुसती थंडी पडली तर पीक जाते. मात्र न गोठलेल्या ओल्या जमिनीवर बर्फ फार दिवस बसून राहिला, तर खाली बुरशी लागते. म्हणजे वेळेवर हवा आणि बेताने हवा. आपल्या पावसाचे दुसरे काय असते?

आमची उतरण्याची सोय मोराजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी होती. या आठवड्यात गावातली पुष्कळ कुटुंबे घरातल्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात आणि स्वतः एका बाजूला राहतात. घरमालकीण सत्तरी ओलांडलेली. गुरे मुलगा बघतो, पण गोठ्यावर नजर हिची. मी कृषी खात्यातला आहे हे कळल्यावर तिने पहिल्या संध्याकाळीच मला गोठा दाखवायला नेले. गाई उबेत रवंथ करीत उभ्या होत्या. बाहेर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले मुरघासाचे गोल गठ्ठे बर्फात पुरलेले. बोलता बोलता तिने जुना नकाशा काढला. तिच्या सासऱ्यांच्या नावावर जमीन बेताचीच, पण तुकडे मात्र तीस-बत्तीस. कारण दालार्नात पूर्वापार वाटणी सर्व मुलांमध्ये होत असे, मुलींनाही वाटा मिळे. प्रत्येक पिढीला पट्ट्या अरुंद होत गेल्या आणि एकत्रीकरणाला लोकांनी वर्षानुवर्षे दाद दिली नाही. मी पुतण्याला म्हटले, "यांना सांग, आमच्याकडे तुकडेबंदीचा कायदा १९४७ साली झाला, तरी माझी निम्मी नोकरी बांधांची भांडणे ऐकण्यात गेली." ती इतकी हसली, की गाईंनी माना वळवल्या.

याच मुलखाबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो, मग शर्यतीकडे वळू. मोरा हे गाव सिल्यान तळ्याच्या काठी आहे आणि हे तळे एका प्रचंड उल्काघाताच्या कड्यावर वसले आहे. आपले लोणार तसेच, पण लोणारचा व्यास दोन किलोमीटरही नाही; हे वर्तुळ पन्नास किलोमीटरहून मोठे आणि अडतीस कोटी वर्षांच्या आसपास जुने. त्या घातामुळे चुनखडी टिकून राहिली, म्हणून जंगलाच्या मुलखात इथली माती त्यातल्या त्यात चांगली आणि वस्ती दाट.

आता ही शर्यत कुठून आली? १५२० च्या नोव्हेंबरात डेन्मार्कचा राजा क्रिस्तियान याने स्टॉकहोममध्ये स्वीडिश सरदारांची कत्तल केली. मारल्या गेलेल्यांत गुस्ताव वासा या तरुणाचा बापही होता. गुस्ताव लपतछपत दालार्नात आला आणि मोराच्या शेतकऱ्यांना म्हणाला, "उठा, बंड करा." शेतकरी काही लगेच उठले नाहीत. हिवाळा, घरात मोजके धान्य, आणि समोर राजाचे सैन्य, कोण उठेल? तो निराश होऊन स्कीवरून नॉर्वेच्या वाटेला लागला. तो गेल्यावर राजाच्या जुलमाच्या आणखी बातम्या आल्या आणि लोकांचे मन पालटले. लार्स आणि एंगेलब्रेक्त असे दोघे तरबेज स्कीवाले त्याच्या मागे धाडले. त्यांनी त्याला सेलेन गावाजवळ गाठले आणि परत आणले, असे तिकडे परंपरेने सांगतात. १५२३ साली तो राजा झाला.

सेलेन ते मोरा, ही परतीची वाट नव्वद किलोमीटर. १९२२ च्या फेब्रुवारीत अँडर्स पेर्स नावाच्या वर्तमानपत्रकाराने लिहिले, की या वाटेवर दरवर्षी शर्यत व्हावी. आणि त्याच वर्षी १९ मार्चला ती झालीसुद्धा! ११९ जण धावले. एर्न्स्ट आल्म हा बावीस वर्षांचा गडी ७ तास ३२ मिनिटांत पहिला आला. तिचे नाव वासालोपेट, म्हणजे वासाची दौड. पुढे याच मोराच्या नील्स कार्लसनने ती १९४३ ते १९५३ या काळात नऊ वेळा जिंकली. हल्ली मुख्य शर्यत मार्चच्या पहिल्या रविवारी असते आणि पंधरा हजारांवर माणसे एकाच वेळी निघतात. आधीचा आठवडा लहानमोठ्या शर्यतींचा, आमच्या संघासारख्या हौशी माणसांचा.

पहिली पाळी सूनबाईची. शनिवारी बायकांची शर्यत असते, ऑक्सबर्ग ते मोरा, तीस किलोमीटर. ही मूळची माण तालुक्यातली. चाऱ्याच्या छावण्या बघत वाढलेली. तिशीत पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवला. सकाळी गाडीत ती गप्प होती. आमच्या सौ.नी तिच्या खिशात लाडू कोंबला आणि म्हणाल्या, "पहिली येऊ नकोस बाई, उभी ये म्हणजे झालं."

तिथे हजारो बायका! आज्या, नाती, मायलेकी. घरमालकीण माझ्या शेजारी उभी होती. तिने सांगितलेली हकीकत ऐका. १९२३ साली, म्हणजे दुसऱ्याच वर्षी, मार्गित नोर्दिन नावाची व्यायामशिक्षिका मोठी नव्वद किलोमीटरची शर्यत १० तास ९ मिनिटांत पुरी करून आली. लोकांनी कौतुक केले. आणि १९२४ पासून बायकांना बंदी घातली! ही बंदी उठायला १९८१ साल उजाडले. मधल्या काळात काही बायका पुरुषी वेष करून धावल्या. बायकांची ही वेगळी शर्यत १९८८ पासून सुरू झाली. मी घरमालकिणीला विचारले, "बंदी का घातली?" ती म्हणाली, "उन्हाळ्यात गुरे घेऊन तीन-तीन महिने जंगलात राहायचे ते बायकांनी. तेव्हा कुणाला आमच्या तब्येतीची काळजी वाटली नाही."

सूनबाई उभी आली. ओठ निळे, पापण्यांवर दव गोठलेले, पण उभी. लाडू खिशात तसाच, दगड झालेला.

रविवारी संध्याकाळी घराच्या पडवीत मेणाचे काम चालले. हे काम मला फार आवडले, कारण ते आपल्या फवारणीसारखे आहे. फळीच्या टोकांना घसरणीचे मेण इस्त्रीने वितळवून लावायचे, आणि पायाखालच्या मधल्या भागाला पकड देणारे मेण. बर्फाचा कण कसा आहे, थंडी किती, उद्या दुपारी ऊन पडणार का, त्यावर मेणाचा प्रकार ठरतो. कडक थंडीला कडक मेण, ओलसर बर्फाला चिकट. अंदाज चुकला की फळी एक तर चिकटते, नाही तर मागे घसरते. पूर्वी फ्लोरीनयुक्त मेण वापरीत. ते भन्नाट पळायचे, पण त्यातली रसायने माती-पाण्यात वर्षानुवर्षे विरत नाहीत, म्हणून २०२३-२४ च्या हंगामापासून जागतिक स्की महासंघाच्या स्पर्धांत त्यावर बंदी आली. डब्यावर काय लिहिले आहे ते न वाचता औषध मारणाऱ्या आपल्या मंडळींची मला तेव्हा आठवण झाली. संघातल्या वयस्क स्वीडिश गृहस्थांनी पुतण्याला सांगितले, "उद्या दुपारी हवा नरम होईल, चिकट मेणाची नळी खिशात ठेव." पुतण्याने ऐकले, पण नळी पडवीतच राहिली.

सोमवारी त्याची परीक्षा होती. मुख्य शर्यतीच्या आधीच्या रविवारी आणि सोमवारी तीच नव्वद किलोमीटरची वाट हौशी लोकांना खुली असते. या दौडीचे नावच 'खुली चाकोरी' अशा अर्थाचे आहे. आणि चाकोरी हा शब्द तंतोतंत बसतो. यंत्राने बर्फात दोन-दोन समांतर तास काढलेले असतात, पाभरीने काढावेत तसे सरळ. त्यात फळ्या घालायच्या आणि चालू पडायचे.

पहाटे सेलेनजवळच्या बेर्या गावच्या शेतात पोचलो. अंधार, श्वासाच्या वाफा, आणि नजर पुरेल तिथवर माणसे. शेत सपाट, पण ते संपताच चढण लागते, सुमारे तीन किलोमीटरची. तिथे सगळे एकमेकांच्या फळ्यांवर पाय देत मुंगीच्या गतीने चढतात. पुतण्या त्यात दिसेनासा झाला.

आम्ही गाडीने पुढे. या वाटेवर सात ठाणी आहेत. दुसऱ्या ठाण्याचे नाव मोंग्सबुडार्ना. त्या नावातला 'बुडार्ना' म्हणजे उन्हाळी वाड्यांवरच्या झोपड्या. गावाजवळची जमीन थोडी, ती धान्याला आणि वैरणीला राखायची; म्हणून उन्हाळ्यात बायका-मुली गाई-शेळ्या घेऊन जंगलातल्या या वाड्यांवर जायच्या. दिवसा गुरे रानात, संध्याकाळी उंच किनऱ्या आवाजात साद घालून परत बोलवायची, आणि दुधाचे तिथेच लोणी-चीज करायचे. स्वीडन आणि नॉर्वेच्या या पद्धतीला २०२४ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशात जागा दिली. दलदलीतले गवत कापून तिथल्याच लाकडी कोठारात ठेवायचे आणि हिवाळ्यात बर्फ घट्ट झाला की घसरगाडीवर घालून घरी आणायचे. ज्या दलदलीत उन्हाळ्यात बैल रुतेल, तिथे हिवाळ्यात आपोआप सडक होते. तिथला शेतकरी हिवाळाभर काय करतो, याचे निम्मे उत्तर हे. उरलेले निम्मे जोडधंद्यांत आहे. मोराचे चाकू, मोराची उंच घड्याळे, नुस्नेस गावचे तांबडे लाकडी घोडे. सगळे मूळचे शेतकऱ्यांच्या घरांतले, लांब रात्रींचे काम.

पुतण्या मोंग्सबुडार्नाला आला तेव्हा बरा होता. रिसबर्ग ३५ किलोमीटर, तिथेही हात हलवला. एव्हर्ट्सबर्ग म्हणजे वाटेची निम्माई, ४७ किलोमीटर. तिथे पोचेपर्यंत ऊन पडले होते आणि फळी मागे घसरू लागली होती. पायाने रेटा बसेना, म्हणून तो नुसत्या काठ्यांवर हातांनी अंग ओढत होता. पट्टीचे खेळाडू हल्ली सगळी शर्यत हातांच्याच जोरावर मारतात, पण त्यांचे दंड तसे कमावलेले असतात. याचे दंड कचेरीतले.

ठाण्यावर गावकरी काय देतात माहीत आहे? निळ्या-जांभळ्या रानफळांचे गरम सार. ही फळे करवंदाहून लहान, जंगलात आपोआप येतात, आणि दुसऱ्याच्या जंगलातली फळेही कुणी वेचली तरी चालतात, असा तिथला सर्वमान्य हक्क आहे. रस काढून साखर घालतात आणि बटाट्याच्या सत्त्वाने जरा दाट करतात. आमच्या सौ.नी एक पेला पिऊन निकाल दिला, "जांभळाचं सार. जिऱ्याची फोडणी हवी होती." पेले भरणारी माणसे म्हणजे आसपासचे शेतकरी, शिक्षक, शाळकरी मुले. मोरा आणि सेलेन इथल्या दोन क्रीडामंडळांची ही शर्यत. ठाण्यांवर राबणारे लोक आपापल्या गावच्या मंडळासाठी राबतात, आणि मिळकत खेळाच्या मंडळांकडे वळते. पंढरीच्या वाटेवर पिठले-भाकरी घेऊन उभी राहणारी गावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना अधिक सांगायला नको.

पुतण्याने दोन पेले घेतले, काकूकडे पाहून हसण्याचा प्रयत्न केला आणि निघाला.

आम्ही ऑक्सबर्गला जाऊन उभे राहिलो. ६२ वा किलोमीटर. प्रत्येक ठाण्याची एक वेळ ठरलेली असते. ती झाली की स्वयंसेवक वाटेवर आडवी दोरी धरतात. दोरीच्या अलीकडे राहिलेल्यांना पुढे सोडत नाहीत. बसमध्ये बसवून मोराला नेतात. हे बरोबरच आहे. पुढे अंधार होतो, थंडी वाढते, थकलेला माणूस जंगलात पडला तर जीव जायचा.

घड्याळात पाच मिनिटे उरली. सूनबाई कठड्याला धरून वाकून बघत होती. तीन मिनिटे. एक बाई आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एक म्हातारबुवा. मग दोरी आली. पुतण्या वळणावर दिसला तेव्हा दोरी धरून सहा मिनिटे झाली होती. दुरूनच त्याने ती पाहिली, पण थांबला नाही. दोरीपर्यंत आला आणि तिला हात लावून उभा राहिला. पायाला बांधलेली वेळेची पट्टी एका पोराने वाकून सोडली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बसमध्ये न बसता तो आमच्या गाडीत आला. कुणी काही बोलेना. मलाही सुचेना. वीस-पंचवीस किलोमीटर गेल्यावर सूनबाई म्हणाली, "ऑक्सबर्गपर्यंत तू, ऑक्सबर्गपासून मी. दोघांची मिळून वाट पुरी झाली." तेव्हा कुठे तो बोलला, "नळी पडवीत राहिली, काका."

मंगळवारपासून तीन दिवस मोकळे होते. मी घरमालकिणीच्या मुलाबरोबर गोठ्यात रमलो. पुतण्याच्या फळ्या बांधून शेतात चार पावले टाकून पाहिली आणि पाचव्याला आडवा झालो. ते पाहून गाईंना नाही, पण शेजाऱ्यांना फार आनंद झाला. आमच्या सौ. आणि घरमालकीण दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी चुलीपुढे त्यांचे तासन्‌तास चाले. एकदा थालीपीठ झाले, त्याच्यावर तिने आपले लोणी घातले.

एका रात्री तिने १९९० सालची गोष्ट काढली. त्या वर्षी बर्फच टिकला नाही आणि शर्यत रद्द झाली. त्याआधी १९३२ आणि १९३४ साली तसेच झाले होते. "आम्ही रोज सकाळी खिडकीतून आभाळ बघायचो," ती म्हणाली. "जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, शेतात पिवळे गवत दिसत होते. खोल्या झाडून ठेवल्या होत्या. कुणी आले नाही." आता कृत्रिम बर्फ करतात. थंडी पडली की पाण्याचे बारीक तुषार दाबाच्या हवेने उडवतात. ते खाली येईतो गोठतात. मग ढीग करून गरज पडेल तिथे वाटेवर पसरतात. पण त्यालाही शून्याखालची थंडी लागतेच. हिवाळे मऊ होत चालले आहेत, हे तिला कुणी शास्त्रज्ञाने सांगायला नको होते. तिने माझ्याकडे पाहून विचारले, "तुमच्याकडे पाऊस आला नाही तर काय करता?" मी टँकरचे, छावण्यांचे, दुबार पेरणीचे सांगितले. सूनबाई मराठीतून स्वीडिशमध्ये सांगत होती. छावणीपाशी आल्यावर माझे वाक्य तिने सोडून दिले आणि आपलेच काहीतरी सांगू लागली. बराच वेळ सांगत होती. त्यातले मला फक्त 'माण' एवढे कळले.

शुक्रवारी संघाची शर्यत. तीच नव्वद किलोमीटर, पण पाच जणांत वाटून: २४, २३, १५, ९ आणि १९. वयस्क गृहस्थांनी चढणीचा पहिला टप्पा घेतला, कचेरीतल्या दोघांनी पुढचे दोन, सूनबाईने ऑक्सबर्ग ते होकबर्ग हा नऊ किलोमीटरचा. शेवटचे एकोणीस कुणी घ्यायचे यावर आदल्या रात्री चर्चा झाली. पुतण्या म्हणाला, माझे हात अजून दुखताहेत, दुसऱ्या कुणी घ्या. वयस्क गृहस्थांनी त्याचे बोलणे ऐकून घेतले आणि यादीत शेवटी त्याचेच नाव लिहिले.

या वेळी चिकट मेणाची नळी आमच्या सौ.नी स्वतः त्याच्या खिशात घातली आणि वर चेन ओढली.

होकबर्गला सूनबाई आली ती पडतच आली, पण याच्या हाताला हात लावूनच पडली. तो निघाला. आम्ही गाडी पिटाळीत मोराला आलो. शेवटची कमान गावात चर्चजवळ आहे. तिथे लाऊडस्पीकरवर नावे पुकारत होते. आमच्या कानांना सवय नसल्याने प्रत्येक नाव आमचेच वाटे. एल्ड्रिसहून म्हणजे नऊ किलोमीटरवरून तो सुटल्याचे फोनवर कळले. मग काहीच कळेना. घरमालकीण हातमोज्यांत हात चोळत म्हणाली, "आता नदीकाठी असेल."

तो आला तेव्हा आम्ही ओळखलेच नाही. टोपी गेली होती, केस पांढरे झाले होते बर्फाने. पुकारणाऱ्याने त्याचे आडनाव असे काही उच्चारले, की आमचे सात पिढ्यांचे पूर्वज गोंधळले असते. कमानीखालून गेल्यावर तो थांबला, मागे वळून पाहिले, दोरी कुठे दिसते का तसे, आणि मग खाली बसला.

रविवारी मोठी शर्यत पाहायला आम्ही एल्ड्रिसजवळ रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. पहिले गडी चार तासांच्या आत-बाहेर मोरा गाठतात. आमच्यासमोरून ते वाऱ्यासारखे गेले. मोरात विजेत्याच्या गळ्यात हिरव्या पानांचा हार घालायला एक मुलगी पोषाख करून उभी असते, ही चाल १९२२ पासूनची. सगळी गर्दी तो सोहळा पाहायला पांगली. घरमालकीण हलली नाही. तिने शेकोटी केली, साराचे भांडे तिच्यावर ठेवले आणि पेले मांडले. अंधार पडला. आता येणाऱ्यांच्या कपाळावर दिवे होते. जंगलातून एकेक ठिपका हलत यायचा. पुतण्या आणि सूनबाई दोघे वाटेच्या दोन बाजूंना पेले घेऊन उभी राहिली. कुणी घेई, कुणी नुसती मान हलवून पुढे जाई. एक बाई थांबली, पेला दोन्ही हातांत धरून उभ्या उभ्या रडली, आणि पुतण्याने तिच्या फळीखाली हात घालून मेण पाहिले.

शेवटचा दिवा गेल्यावर घरमालकिणीने उरलेले सार आम्हा सगळ्यांना वाटले आणि निखाऱ्यांवर बर्फ लोटला.